पिंडाला कावळा शिवेना

स्मृतिलेख म्हटल्यावर तुम्ही रुमाल घेऊन बसला असाल. ठेवा परत खिशात. 'हसतमुख, मनमिळाऊ, अजातशत्रू' असलं काय मी लिहिणार नाय. विलासदादा हसतमुख तर बिलकुल नव्हता. फोटो काढताना गिऱ्हाइकाला 'हसा' म्हणायचा आणि स्वतः एरंडेल प्यायल्यासारखा उभा राहायचा. आणि अजातशत्रू? त्याला शत्रू होता, सख्खा, एका आईचा. त्या शत्रूचा मी सूड घेतला. तो कसा घेतला तेच सांगायला बसलोय. ज्यांना रडायचंच आहे त्यांनी शेजारचा कॉलम वाचावा.

दीड महिना झाला. सकाळी फोन वाजला. मी नकला करतो, त्यामुळे फोन उचलताना माझ्या स्वतःच्या आवाजात कधी बोलत नाय. त्या दिवशी एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरचा आवाज लावला, 'महाड-पोलादपूर गाडी फलाटावर लागलेली आहे...' पलीकडं स्टुडिओशेजारचा चहावाला होता. म्हणाला, 'निल्या, दादा गेला रे.' मी त्याच आवाजात विचारलं, 'कुठल्या गाडीनं?' तो रडायला लागला तेव्हा मला कळलं. छातीत कळ आली, शटर अर्धं उघडलेलं, तिथंच बसला आणि संपलं...

स्टँडमागच्या गल्लीत दादाचा फोटो स्टुडिओ. बाहेर झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. पडद्याआड एक खोली, तिच्यात आरसा, पावडरचा डबा, कंगवा आणि काश्मीरचे डोंगर रंगवलेला पडदा. त्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही जमायचो. आम्ही म्हणजे ज्या पोराला पोरगाच आवडतो तो, जिला पोरगी आवडते ती, आणि जे पोरगा म्हणून जन्माला आलं पण आतून मुलगीच आहे ते. महाड-पोलादपुरात अशी माणसं नसतातच, हे सगळं मुंबईचं फॅड, असं लोकांचं म्हणणं. असूदे. 'फोटो काढायला चाललोय' म्हटलं की घरी कुणी अडवायचं नाय. आमच्यातल्या काहींचे एवढे पासपोर्ट फोटो झालेत, की एव्हाना अर्धा तालुका दुबईला पोचला असता. मी गेलो बारावीत असताना. बाईंची नक्कल जरा जास्तच चांगली वठली म्हणून पोरांनी मला कॉलेजच्या मुतारीमागं धरून बडवलं होतं. ओठ फुटलेला, आणि परीक्षेच्या फॉर्मला फोटो पायजे. दादानं कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली ठेवला, चहावाल्याकडून बर्फ आणला. 'सूज उतरल्यावर काढू. तोवर आत बस,' म्हणाला. मी अजून बसलोय.

दादाकडं उपदेश नव्हता, माणसं होती. पुण्याच्या एक समुपदेशक बाई, ज्या रविवारी फोनवर एकेकाशी निवांत बोलायच्या. मुंबईतला एक डॉक्टर, जो ऐकताना हसत नाय. आणि एक वकीलबाई, घरच्यांनी कोंडून ठेवलं तर कुणाला गाठायचं ते सांगणाऱ्या. ही माणसं शोधताना त्यानं भरपूर अपमान गिळला होता. पहिल्या डॉक्टरनं शॉक सुचवलेला, दुसऱ्यानं लग्न. 'मला जे शोधायला जवानी गेली ते तुम्हाला पासपोर्ट फोटोसारखं लगेच हातात मिळायला पायजे,' म्हणायचा. नुसता नंबर देऊन थांबायचा नाय, कुणी एकटं जायला घाबरलं तर स्टुडिओला कुलूप लावून एसटीत शेजारी बसायचा.

कुडपणचा एक पोरगा यायचा. बापानं फोन काढून घेतला, कॉलेज बंद केलं आणि भगताकडं न्यायचं ठरवलं. मी म्हटलं, प्रिन्सिपॉलच्या आवाजात फोन करतो, सोडतील. दादा म्हणाला, 'तुझा प्रिन्सिपॉल किती दिवस पुरंल?' आणि मला गाडीवर मागं बसवून घाट चढला. बापाच्या पडवीत बसून आधी नाचणीवर बोलला, मग म्हशीवर. शेवटी पोराचे बाबाच म्हणाले, 'आता खरं सांग, माझ्या पोराला रोग कसला हाय?'

'रोग नाय, बाबा. त्याला जे हाय तेच मला हाय. मी आजारी दिसतो काय?'

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळला. 'आजारी नाय. जाडा दिसतोस.'

भगत रद्द झाला. पुढच्या महिन्यात बाबा स्वतः पोराला घेऊन खोलीत आले, पुण्याच्या बाईंशी फोनवर अर्धा तास बोलले, आणि जाताना स्वतःचा पण फोटो काढून घेतला.

आता शत्रू. तुडीलचे सुरेशअण्णा, दादाचे थोरले भाऊ. अण्णा, तुमच्याकडं हा पेपर येतो, मला माहिताय, तेव्हा नीट वाचा. दादाचं कळल्यावर तुम्ही भावकी बसवून त्याला घराबाहेर काढलात. आईला, म्हणजे माईला, शपथ घातलीत की याच्यासाठी चुलीवर काय शिजवायचं नाय आणि याच्याकडं काय पाठवायचं नाय. वडील गेले तेव्हा 'पिंडाला याची सावली नको' म्हणालात. वडिलांच्या दहाव्याला दादा सावित्रीच्या घाटावर करंजाच्या झाडामागं उभा राहून लांबून बघत होता. आणि तो गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तुम्ही स्टुडिओत येऊन म्हणालात, 'गाळा आमच्या वडलांच्या नावावर हाय. दहावं झालं की कुलूप लावणार. आतला तो अड्डा बंद.' कोपऱ्यात पोलादपूरची एक पोरगी उभी होती. तिला त्या रविवारी पहिल्यांदा पुण्याच्या बाईंशी बोलायचं होतं. तुम्ही अड्डा म्हणालात आणि ती पाठीमागच्या दारानं निघून गेली. तेव्हाच मी ठरवलं.

माझं गाव दासगाव. लहानपणी आई गच्चीवर सुकट वाळत घालायची आणि मला राखणीला बसवायची. दगड मारून हात दुखायचे, म्हणून मी कावळ्यांची भाषा शिकलो. बहिरी ससाणा दिसला की कावळा एक हाक देतो, लांब, घसा खरवडल्यासारखी. ती ऐकली की बाकीचे झाडावरून खाली येत नायत. ती हाक मला जमते.

दहाव्याला अख्खी भावकी घाटावर. भटजींनी पिंड मांडला, बाजूला केळीच्या पानावर भात, खीर, वडे. माई बायकांत लांब बसलेली. मी करंजाच्या झाडामागं, त्याच झाडामागं, तोंडावर रुमाल धरून बसलो. लोकांना वाटलं रडतोय. कावळे फांदीवरून वाकले की मी एक हाक द्यायचो. परत वर. एकदा, दोनदा... ऊन चढलं. अण्णा उघड्या अंगानं हात जोडून उभे, टाळूवरून घामाच्या धारा. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

'त्याचं काय राहिलं असंल ते बोल,' एक म्हातारा चुलता म्हणाला.

'आईला सांभाळीन,' अण्णा म्हणाले. कावळा ढिम्म.

'वर्षश्राद्ध मोठं करीन.' ढिम्म.

'लग्न राहिलं त्याचं!' मागून कुणीतरी बोललं. अण्णा लगेच, 'इलास, पुढच्या जन्मी तुला चांगली बायको मिळंल.' त्यावर उतरत आलेला एक कावळा उलटा फिरून नदीपलीकडं गेला. तेव्हा मी काय पण केलं नव्हतं, आईशप्पत.

भटजी घड्याळ बघायला लागले. 'दर्भाचा कावळा करून लावू.' गवताच्या कावळ्याला मी काय घाबरवणार? अण्णांनी मान पण हलवली. तेवढ्यात मागून कुडपणचे बाबा पुढं आले. त्यांना मी काय सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, 'गवताचा कशाला? जित्या माणसाला कळतंय काय अडकलंय ते. त्याची खोली चालू ठेवतो म्हणा.'

अण्णा पुटपुटले, 'ठेवू... बघू.'

मी हाक दिली.

'बघू काय, सुऱ्या? नीट बोल!' चुलता खेकसला.

आणि अण्णा बोलले, सगळ्या भावकीसमोर, मोठ्यानं. 'इलास, तुझा स्टुडिओ बंद करनार नाय. आतली खोली पोरांची. मी कुलूप लावनार नाय.'

मी रुमाल खाली घेतला. दोन कावळे उतरले. एक पिंडाला शिवला, दुसरा वडा घेऊन उडाला... अण्णा, आता तुम्हाला सगळं कळलं. पण शब्द तुम्ही मला दिला नाय, त्याला दिलात. आणि शेवटी खाली उतरलेले कावळे खरे होते. लावा कुलूप, हिंमत असेल तर.

खोली चालू आहे. ती पोलादपूरची पोरगी परत आली. पुण्याच्या बाईंशी बोलून झाल्यावर तिनं काश्मीरच्या डोंगरासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. गेल्या रविवारी पडदा सरकवून माई आत आली, पहिल्यांदाच. दादाच्या स्टुलावर बसली, आरशावरून हात फिरवला, सगळ्या पोरांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

'तो कावळा तू व्हतास.'

'नाय गो माई, मी तर रडत...'

'गप! म्हातारी झाले, बहिरी नाय झाले. सुरेशला उन्हात उभा केलास त्याचं मी काय बोलत नाय, ते कुणीतरी करायलाच पायजे व्हतं. पन त्या पानावरचे वडे मी तळले व्हते रे. शपथ घातल्यापासनं माझ्या हातचं पयल्यांदा त्याच्यापुढं वाढलं व्हतं. आन तू माझ्या पोराला भरल्या पानाम्होरं ताटकळत ठेवलास! मेल्या, गार केलेस ना सगळे वडे!'