आत्याचा मुका टीव्ही

टीव्हीतल्या माणसांना आपण दिसतो, याची माझ्या आत्याएवढी खात्री अख्ख्या तंजावुरात कुणाला नसेल. बातम्या सांगणाऱ्या बाईनं वणक्कम म्हटलं की आत्या पदर सावरून उलट वणक्कम करायची. मालिकेतले आजोबा वारले तेव्हा तिनं डोक्यावरून स्नान केलं आणि तीन दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही. "रोज सांजेला घरी येणारा माणूस आपला नव्हे, तर कुणाचा?" तिनं बाबांना विचारलं. बाबांनी स्वतःच उठून बरणीतलं लोणचं घेतलं.

राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत केबल आली तेव्हा टीव्ही फक्त आमच्याकडे होता, आणि घराला खोली एकच. साडेसातला शेजारच्या पाच-सहा बायका येऊन बसायच्या. त्यातच माझी बारावी आली. आमच्या घरातलं कुणी कॉलेजपर्यंत पोचलं नव्हतं; नापास झाले असते तर माझंही शिक्षण तिथंच संपलं असतं. आत्यानं टीव्हीचा आवाज पार बंद केला. "पोरीची परीक्षा होईतो सासूनं तोंड उघडायचं नाही," मालिकेतल्या सासूकडे बोट दाखवून तिनं टीव्हीलाच बजावलं.

"अक्का, मग आम्हाला कळायचं कसं?" शेजारीण म्हणाली.

"मी आहे की!"

तेव्हापासून ती तमिळ मालिका आमच्या घरी मराठीत सुरू झाली. सगळ्यांची बोलणी आत्याच कुजबुजायची, आणि तिची कुजबुज रस्त्यापर्यंत जायची. तिच्या गोष्टीतली सासू मनानं चांगली होती. गुडघे दुखायचे म्हणून सुनेकडे डोळे वटारायची. वकील ओरडताना दिसला, तर त्याला कॉफी वेळेवर मिळालेली नसे. मी भिंतीकडे तोंड करून, मांडीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसायची आणि, लिहायला संकोच वाटतो, सासूच्या गुडघ्याचं पुढं काय झालं ते ऐकायची.

परीक्षा संपली, आवाज परत आला. पहिल्याच मिनिटाला सासू सुनेच्या दुधात विष कालवत होती.

"अय्यो! अक्का, तुझी सासू बरी होती," शेजारीण म्हणाली. "बंद कर तो आवाज!"

मी कशीबशी पास झाले. आता त्रिचीला वसतिगृहात असते. परवा पोंगलच्या सुट्टीत घरी गेले, तर साडेसातला आत्या एकटीच टीव्हीसमोर. आता घरोघर टीव्ही आहे, कुणी येत नाही. आवाज बंदच होता, आणि आत्याही गप्प.

"आता कशाला आवाज बंद, आत्या?"

"बंद असला की वाटतं, तू मागं अभ्यास करत बसलीस."

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं मागून कुजबुज आली, "सुने, गुडघ्याला जरा तेल लाव ग."

मी पान उलटलं नाही.