फ्रेमवर्कला हात लावायचा नाही!

नोकरीत पगार वाढो न वाढो, किस्से वाढतातच. आमच्या नोएडाच्या ऑफिसातले बहुतेक माझ्या टीममधल्या मेधाचे आहेत. हसत सांगतो खरा, पण आतून संताप होतो.

आम्ही एका सरकारी खात्याचं पेन्शन पोर्टल सांभाळतो. त्याचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर ते उभं आहे तो, जुनाट, पण त्याला बोट लावलं की सिक्युरिटी ऑडिट पुन्हा पहिल्यापासून! म्हणून मेधा वेगळ्या फाइलीत स्वतःचे टॅग, म्हणजे पानावर बसवायचे छोटे सुटे भाग, बनवायची. ब्राउझर ते थेट ओळखतो, फ्रेमवर्क त्यांच्या वाटेला जात नाही.

*

जन्मतारखेचं कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडायचं. ऐंशीच्या आजोबांनी एकेक महिना मागे जात बसायचं! मेधाने दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटींचा टॅग केला.

खात्याचे साहेब खूश. "किसने बनाया?"

आमचे मॅनेजर खुराणा म्हणाले, "सर, टीम एफर्ट!"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो.

*

त्या फ्रेमवर्कची आणखी एक खोड. टॅगला यादी द्या, ते तिचा नुसता मजकूर करून टाकायचं. डेमोत जिल्ह्यांच्या यादीत नावांऐवजी ओळीने 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'!

साहेबांनी चष्मा सावरला. "ये नया जिला कब बना?"

"सर, ये मेधाजी का टॅग है!" खुराणा ताबडतोब म्हणाले. चूक झाली की नाव बरोबर आठवतं!

मेधाने जेवण सोडून तासाभरात त्यावरही वाट काढली.

*

मग अप्रेझल. कंपनीचं काम मोजायचं टूल फक्त फ्रेमवर्कमध्ये बनवलेले भाग मोजतं, बाहेरचे टॅग नाही. मेधाच्या नावापुढे शून्य.

"मेधाजी, आपका काम स्क्रीन पर दिखता है, टूल में नहीं दिखता."

"सर, फ्रेमवर्क को हाथ लगाने से आपने ही मना किया था!"

"बिल्कुल. पर रिपोर्ट तो रिपोर्ट है."

महिन्याभरात तिला राजीनामा द्यायला सांगितलं. मी त्याच खोलीत होतो, आणि मूग गिळून बसलो. अजून लाज वाटते.

*

तिचा शेवटचा दिवस. राजीनाम्याचा ऑनलाइन फॉर्मही त्याच फ्रेमवर्कमध्ये! सहीच्या चौकटीत बोट फिरवलं तरी रेघ उमटेना. सही नाही, तर फॉर्म पुढे जात नाही. एचआरवाले हवालदिल.

खुराणा तिच्या टेबलाशी आले. "मेधाजी, एक छोटा सा टॅग बना दो ना. आपके बाद औरों के भी काम आएगा."

"मेधा, नको करूस यार," मी म्हणालो. पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. दुपारपर्यंत टॅग तयार. टेस्टिंगसाठी कुणाची सही घ्यायची, असं खुराणा विचारत होते, तोवर तिने आपल्या राजीनाम्यावर स्वतःचीच केली. पूर्ण नाव, खाली रेघ. सबमिट दाबलं.

"चलता है, सर," ती म्हणाली.