चिमीचं पाणी

सांगली स्टेशनातून गाडी हलली तेव्हाच मी मनातल्या मनात रेखाच्या सासूशी भांडायला सुरुवात केली होती. प्रवास लांबचा, भांडायला वेळ भरपूर.

रेखा ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ एसटीत मेकॅनिक. बदली होऊन वणीला गेला तो तिकडचाच झाला. पोर तिथेच वाढली, वऱ्हाडी बोलायला लागली आणि मारेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात, कापूस पिकवणाऱ्या घरात तिला दिली. भाऊ-वहिनी दोघंही आता नाहीत. माहेर म्हणून तिला उरले मी एकटी, आणि तीही राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिचा पहिला मुलगा पवन दीड वर्षाचा असताना हगवणीनं गेला. आता दुसरी मुलगी चिमी त्याच वयाला आली होती आणि तिलाही तेच लागलं होतं. "बरी होते न् पुन्हा लागते, आत्या. मले भेव वाटून राह्यलं," एवढं रेखा गावातल्या एसटीडी बूथवरून बोलली आणि रडायलाच लागली. मी मसाल्याच्या गिरणीत सुट्टी सांगितली आणि निघाले. मायलेकींना उचलून सांगलीला आणायचं, आपल्या डॉक्टरांना दाखवायचं, हे ठरवूनच निघाले. दुसरं लेकरू त्या घराला देणार नव्हते मी.

धामणगावला उतरले, तिथून यवतमाळ, आणि यवतमाळहून वणीची एसटी. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो तसा इकडे कापूस. काळी जमीन आणि तिच्यावर नजर जाईल तिथवर पऱ्हाटी (कपाशीची झाडं). त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. भाव नाही, वर अळी. बसमध्ये दोन माणसं बोलायला लागली की बोलणं फिरून अळीवर यायचंच. शेतांतून पाठीवर पंप घेतलेले, तोंडाला फडकं बांधलेले गडी फिरत होते. एकदम खिडकीतून असा वास आला की माझे डोळे चुरचुरले. सडका लसूण रॉकेलमध्ये घातल्यासारखा.

शेजारची बाई म्हणाली, "फवारा (औषध मारणं) चालू हाये. पदर घ्या नाकाले."

"रोज चालतं का हे?"

"अळी मरत नाई तं का करतीन मानसं?"

माझा जन्म गिरणीत गेला. मिरची कुठल्या गावची ते मी डोळे मिटून सांगते. तो वास नाकात बसला तो बसलाच.

रेखाची सासू दारातच उभी होती. वाळून काटकी झालेली बाई. माझ्या पायांवर घालायला तिनं पाणी तापवून ठेवलेलं. भांडणाची माझी सगळी तयारी फुकट गेली. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि सांभार (कोथिंबीर) वाटून केलेला ठेचा. मी भाकरी मोडत होते आणि चिमी माझ्यासमोर बसून माझा चष्मा ओढत होती. डोकं मोठं, हात काड्या, ढुंगणाची कातडी लोंबलेली. पण हसायची फार गोड. देवा, त्या हसण्याकडे बघवत नव्हतं.

"दाताची हागवन हाये," सासू म्हणाली. "दाढा निंगाल्या का जाईन."

"पवनलाही दातच येत होते ना?" मी विचारलं. माझी जीभ कुठे ऐकते! सासू उठून आत गेली.

रेखात मात्र खोट काढायला जागा नव्हती. पवनचं पोट पहिल्यांदा बिघडलं होतं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं, पाणी उकळून द्या, झाकून ठेवा. ते तिनं धरलं ते धरलंच, आणि पवन गेल्यावर तर जास्तच. घरातली सगळी माणसं रांजणातलं पाणी पीत. चिमीचं पाणी वेगळं. रेखा ते गंजात (पातेल्यात) खळखळ उकळायची, निववायची, फडक्यातून गाळायची आणि एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात भरायची. त्याला फिरकीचं घट्ट झाकण. माशी काय, मुंगीचीही टाप नाही आत जायची. त्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. हगवण लागली की साखर-मीठ घालून तेच पाणी पाजायची. आणि चिमी बरी झाली की, जुन्या डब्याचं काही बाधलं असेल म्हणून, तो टाकून द्यायची आणि नवा काढायची.

"पोरी," मी म्हटलं, "एवढी काळजी मी माझ्या पोरांची नाही घेतली गं."

रेखाला इतकं बरं वाटलं! दिवसभरात पहिल्यांदा हसली ती.

सांगलीला न्यायची गोष्ट मी काढली. सासूनं फार ताणलं नाही. निंदण (खुरपणी) उद्या संपेल, परवा घेऊन जा म्हणाली. पवनचं नाव तिनं काढलं नाही, पण नातीला न्या असं ती मनापासून म्हणत होती, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मीही शेतावर गेले. चिमी खुशीत होती. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुलिंबाला लुगड्याची झोळी बांधली. बुंध्याशी चिमीचा डबा. मागच्या दुखण्यानंतरचा हा नवा कोरा डबा, सकाळीच भरलेला. ऊन असं की सावलीतसुद्धा अंगाला चटका बसत होता. रेखा मधूनमधून खुरपं टाकून यायची, पोरीला पाणी पाजायची आणि परत ओळीला लागायची. चिमीही गटागटा प्यायची.

दुपार कलली आणि चिमीनं ओकारी काढली. मग जुलाब. मग तोंडातून लाळ गळायला लागली, अंग घामानं भिजलं आणि तिनं मान टाकली.

"पवनले असंच झालतं," रेखा म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली.

तिचा नवरा विलास पलीकडच्या ओळीतून धावत आला. पोरीला खांद्यावर टाकून आम्ही रस्ता गाठला. यवतमाळची बस लगेच मिळाली, हे एक नशीब. गर्दीतून एका म्हाताऱ्या मुसलमान मेकॅनिकनं उठून आम्हाला जागा दिली. वणीचे होते, पंप दुरुस्त करायचे.

चिमीचे ओठ सुकले होते. रेखानं पिशवीतून डबा काढून माझ्याकडे दिला. "आत्या, झाकन उघडा. पानी देत राहा म्हनते डॉक्टर."

डबा उन्हात तापलेला होता. मी झाकण फिरवलं, आणि तोच वास. बसच्या खिडकीतून आलेला, सडक्या लसणाचा. बारीक होता, पण होता.

"विलासराव, हा डबा कशाचा आहे?"

"फवाऱ्याच्या औषधाचा." मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाला, "पन राखेनं घासला आत्याबाई, मातीनं घासला, उन्हात वाळवला. गावात सारेच वापरतात. तेलाले, दान्याले, पान्याले. असं घट्ट झाकन दुसरं कुठी भेटते?"

"द्या ना आत्या," रेखानं हात पुढे केला. "तोंड सुकलं तिचं."

मी डबा छातीशी धरून बसले. मेकॅनिकचाचांनी तो माझ्या हातातून घेतला, हुंगला आणि झाकण लावून टाकलं. आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि ड्रायव्हरकडे बघून मोठ्यानं ओरडले, "ड्रायव्हरसाब, गाडी बीच में मत रोको, सीधी दवाखाने में लो! बच्ची के पेट में दवाई गई है!"

रेखाला ते असं कळलं. भर बसमध्ये, परक्या माणसाच्या तोंडून. तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

ड्रायव्हरनं गाडी मध्ये थांबवली नाही. वाटेत उतरणारी माणसं होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मी बाटलीतल्या पाण्यानं चिमीचे ओठ ओले करत बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डबा हुंगला, चिमीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि पळापळ सुरू झाली. आम्ही बाहेर भिंतीला टेकून. विलास कपाळ बडवत होता. "डबे मीच आनून देल्ले, मीच देल्ले." रेखा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोर वाचली होती. धोका टळला, पण तसला डबा घरात पुन्हा नको, कितीही धुतला तरी नको, असं त्यांनी बजावून सांगितलं. मी वाकून नमस्कारच करायला गेले त्यांना.

तेव्हा रेखा पहिल्यांदा बोलली. "डॉक्टरबाई, माह्यं पयलं लेकरू हागवनीनं गेलं. त्याले बी मी उकळून, डब्यातलंच पाजत होती."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ते आता सांगता येणार नाही, ताई." खोटं का नाही बोलल्या त्या? एक वाक्य खोटं बोलायला काय गेलं असतं? मला इतका राग आला त्यांचा. पण त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

नर्सनं स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. चमच्यानं हळूहळू पाजा म्हणाली. रेखानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुमी पाजा, आत्या."

"अगं, दवाखान्याचं पाणी आहे हे. तू पाज. आई ना तू?"

"नाई."

मी समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. रेखा पोरीला मांडीवर घेई, पुसे, बदले, तिच्या केसांतून हात फिरवी. पाणी मात्र नाही.

सांगलीला न्यायची आता गरज उरली नव्हती. रेखाच्या घरी परतताना मी यवतमाळच्या बाजारातून एक मातीचा माठ आणि ओगराळं घेतलं. विलासनं घरातले सगळे डबे अंगणात काढून कुऱ्हाडीनं फोडले. शेजारची बाई कुडाशी उभी राहून बघत होती. कडेवर तिचंही लेकरू.

"इतके चांगले डबे काहून फोडून राह्यले बापा? एक मले द्या ना."

सासूनं तिला हाताला धरून आत नेलं आणि खाली बसवून सगळं सांगितलं. बाईला पटलं की नाही, देव जाणे.

मी सांगलीला निघाले, तेव्हा परतीची बस त्याच शेतांमधून गेली. तोच वास, तेच फडकी बांधलेले गडी. येताना मी पदर नाकाला लावून बसले होते. आता खिडकीतून बघत होते, तर धुऱ्याधुऱ्यावर झाडाच्या बुंध्याशी पांढरा डबा. कुठे त्याच्या वर झोळी हलत होती. येतानाही ते असणारच. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. प्रत्येक झोळीशी उतरून सांगावंसं वाटलं, आणि बस तर वेगात चाललेली. शेजारच्या प्रवासिणीला सांगितलं, पुढच्या बाकावरच्यांना सांगितलं, धामणगावला चहावाल्यालाही सांगितलं. सांगलीला उतरेपर्यंत माझा घसा बसला.

दिवाळी झाल्यावर रेखाचा फोन आला. चिमीनं अंग धरलं होतं, घरभर पळत होती, आजीला शिव्या द्यायला शिकली होती. पोट पुन्हा एकदाही बिघडलं नव्हतं. मी देवासमोर साखर ठेवली.

"आणि पाणी?" मी विचारलं. "आता पाजतेस ना गं तिला?"

"मांगते तं माह्याच जवळ, आत्या," रेखा म्हणाली. "मी तिच्या बाबाले आवाज देतो."