पडली का ओढली?

कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात भूषण हवालदाराचं अक्षर प्रसिद्ध होतं. पूर्ण नाव बुद्धभूषण, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला ठाण्यात कुणाला सवड नव्हती. तो ठाणे अंमलदार होता. म्हणजे दारातून आत आलेल्या माणसाचं रडगाणं ऐकायचं आणि कागदावर उतरवून घ्यायचं, हे त्याचं काम. अक्षर असं मोत्यासारखं, की वाचणाऱ्याला मजकूर खोटा असेल अशी शंकासुद्धा येऊ नये.

पण त्याची खरी कला अक्षरात नव्हती, प्रश्नात होती. गळ्यातली माळ गेली म्हणून एखादी बाई धापा टाकत आली, की भूषण आधी तिला बाकावर बसवायचा. पाणी द्यायचा. तिचा घाम पुसून होईपर्यंत थांबायचा. आणि मग अगदी घरच्या माणसासारखं विचारायचा, "मावशी, नीट आठवून सांगा. पडली का ओढली?"

सगळी मेख तिथं होती. ओढली म्हटलं की जबरी चोरी. गुन्हा नोंदवा, आरोपी शोधा, आणि महिन्याच्या बैठकीत वरच्या साहेबापुढं उभं राहून आकडा का वाढला त्याची उत्तरं द्या. पडली म्हटलं की नुसती गहाळ. वही वेगळी, चार ओळी, एक शिक्का, हातात दाखला, या आता. बाई म्हणायची, ओढली. भूषण म्हणायचा, "दोरा जुना असंल, मावशी. गाडी जवळनं गेली, तुम्ही दचकला. बरं, चेहरा बघितला का त्याचा?" पळत्या गाडीवरच्या माणसाचा चेहरा कोण बघतंय! अर्ध्या तासात ओढलेली माळ पडायची. गंमत म्हणजे बाई जाताना हात जोडून जायची, साहेब लई चांगलं म्हणून. डिसेंबरात तर या कलेला बहर यायचा. वर्षाचा तक्ता मागच्या वर्षापेक्षा एकानं तरी कमी भरला पाहिजे, हा सगळ्या कायद्यांच्या वरचा कायदा होता.

असा हा दुसऱ्यांना शांत करण्यात मुरलेला गडी दोन हजार सहाच्या डिसेंबरात स्वतःच बेचैन झाला. त्याची एकुलती एक पोरगी क्रांती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर होती. कंपनी तिला दीड वर्षासाठी बेल्जियमला पाठवणार होती, आणि हो की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. बायको जाऊन चार वर्षं झालेली. पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत भूषण, क्रांती आणि भूषणची म्हातारी आई सोनूबाई, एवढीच माणसं. त्यातलं एक उडून जाणार म्हटल्यावर भूषणच्या पायाला भिंगरी लागली. घरात आला की बाहेर जायचा, बाहेर गेला की कडी लावली का ते बघायला माघारी यायचा. जेवता जेवता उठून गॅसचं बटण बघायचा. मला करमणार नाही, एवढं सरळ बोलायचं तर ते हवालदाराला शोभत नाही. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि तेही कागदावर.

ते त्याला शाहूपुरीतल्या एका नेट कॅफेत मिळालं. कॅफेवाल्या ऋतुराजला त्यानं सांगितलं, कुठल्या देशात किती जबरी चोऱ्या होतात ते काढून दे. ऋतुराजनं दोन पानं छापून दिली. देशांची नावं, आणि पुढं लाख माणसांमागं वर्षाला किती, तो आकडा. भूषणनं पट्टी धरून लाल पेनानं दोन रेघा मारल्या. एक बेल्जियमखाली, एक भारताखाली. त्याचा चेहरा उजळला.

आता हे आकडे कसे तयार होतात ते याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? याच्याच वहीतला आकडा जिल्ह्याला गेला, जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईतून दिल्लीला, आणि सगळं जग फिरून शाहूपुरीत याच्याच हातात आला. पण माणसाचं असंच असतं. आचाऱ्याला तेल किती दिवसांचं आहे ते माहीत असतं, तरी दुसऱ्याच्या बशीतली भजी बघून त्याच्याही तोंडाला पाणी सुटतं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं ती पानं क्रांतीपुढं ठेवली. सोनूबाई कोपऱ्यात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती.

"क्रांते, हे वाच. लाख माणसांमागं जबरी चोऱ्या. बेल्जियम, हजाराच्या वर! आणि आपला भारत? दोन. ते बी धड न्हाईत. आता तूच सांग, माणसानं कुठं ऱ्हायाचं?"

क्रांतीनं पानं उलटीपालटी करून बघितली. "आबा, आपलं कोल्हापूर पाचएक लाखाचं. लाखाला दोन म्हंजे वर्षाला धा."

"बघ की! धा."

"दिवाळीपासनं आपल्या लाईनीच्या मागच्या रस्त्यावरच तिघींच्या माळा गेल्या. मग सगळ्या गावात मिळून सातच ऱ्हायल्या व्हय?"

भूषणला एकदम तहान लागली. तो उठून पाणी पिऊन आला.

"हे आकडे लिहितं कोण, आबा?"

"सरकार."

"सरकार म्हंजे कोण?"

यावर तो काही बोलायच्या आत कोपऱ्यातून सोनूबाई म्हणाली, "त्यात माझी बोरमाळ बी धरली असंल की."

"ते सत्त्याण्णव साली, आज्जी."

"मग त्या सालात धरली असंल. माझ्या लेकानंच लिवून घेतलीया. थांब, कागद दावते." आणि सूप बाजूला सारून म्हातारी ट्रंकेकडं गेलीसुद्धा. भूषण "आये, ऱ्हाऊ दे" म्हणाला, पण म्हातारीला उत्साह आला होता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट अशी. सोनूबाई तेव्हा मुरगूडला राहायची आणि लोकांच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला जायची. त्या रोजगारातून वर्षानुवर्षं राखून तिनं एक बोरमाळ केली होती. ती घालून नातीला बघायला कोल्हापुरात आली, आणि शाहूपुरीतून चालत येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी ती खेचली. म्हातारी पडली, गुडघा फुटला, मानेवर लाल वळ उठला. पण ती रडली नाही. माझा लेक पोलिसात हाय, या तोऱ्यात थेट ठाण्यात आली. भूषण त्या वेळी नाईक होता आणि त्याच महिन्यात हवालदारकीच्या यादीत त्याचं नाव जायचं होतं. त्या वेळच्या साहेबानं त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "तुझी आई ना? मग तूच समजावून सांग." भूषणनं आईला समजावलंसुद्धा नाही. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं लिहिलं, अंगठा घेतला, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. महिन्याभरात तो हवालदार झाला. म्हातारीनं पेढे वाटले.

तो कागद आता क्रांतीच्या हातात होता. लुगड्याच्या घडीत ठेवून ठेवून मऊ पडलेला. क्रांतीनं मोठ्यानं सुरुवात केली, दोन शब्द वाचले, आणि थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं.

"वाच की," सोनूबाई म्हणाली.

क्रांतीनं कागद बापापुढं धरला. "तुम्ही वाचा, आबा. अक्षर तुमचं हाय."

भूषणनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं हजारो कागद लिहिले होते, पण लिहिलेलं मोठ्यानं वाचायची पाळी कधी आली नव्हती. त्यानं वाचलं, "सदर अर्जदार बाई या शाहूपुरी भागातून पायी जात असताना त्यांच्या गळ्यातील सोन्याची बोरमाळ रस्त्यात कोठेतरी पडून गहाळ झाली आहे. त्यांची कोणाविरुद्धही तक्रार नाही."

सोनूबाईचा हात आपोआप मानेकडं गेला. "पडून?"

भूषणनं कागद खाली ठेवला.

"पडली न्हवती रं, भूषण. तुला मान दावली हुती की मी." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट झालं. "मुरगुडात धा घरी सांगत फिरले, माझ्या लेकानं माझा कागद केलाय म्हणून. शिका म्हणून बाबासायबांनी सांगितलं. म्हणून लोकाच्या रानात भांगलून तुला शिकवला. ते आईला वाचाय येत न्हाई बघून असं लिवायला व्हय रं?"

ती पुन्हा सूप घेऊन बसली. कागद तिनं परत घेतला नाही. तो तिथंच, जगातल्या देशांच्या यादीशेजारी पडून राहिला. त्या दिवसापासून ती भूषणशी बोलायची बंद झाली. काही सांगायचं झालं तर क्रांतीला सांगायची, "तुझ्या बापाला म्हणावं, जेवाय बस."

भूषणचा जीव कुठंच लागेना. गुरुवारी त्यानं ठाण्यातल्या जुन्या वह्या काढल्या आणि स्वतःच्या अक्षरातल्या गहाळ माळा वाचत बसला. साखळ्या, डोरली, ठुश्या. एवढ्या माळा आपोआप पडायला कोल्हापूरच्या बायकांच्या माना काय घसरगुंड्या होत्या? त्याला स्वतःचीच किळस आली. वही मिटून तो चहा प्यायला गेला आणि चहा न पिताच परत आला.

शुक्रवारी, बावीस डिसेंबरला, बयाबाई नावाची बाई आली. बाजारात वांगी विकायला बसणारी, चाळिशीची. तिची मोहनमाळ गेली होती. भूषणनं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि जिभेला वळणच पडलेलं, त्यानं तोंड उघडलं, "मावशी, नीट आठवून सांगा..."

"त्यात आठवायचं काय, पावणं?" बाई ओरडली. पदर बाजूला करून तिनं मान पुढं केली. "ही बघा की!"

लाल वळ. भूषण बघत राहिला. मग त्यानं नेहमीची वही आत सारली, दुसरी ओढली आणि लिहायला लागला. हात इतका हळू चालत होता, जणू अक्षरं नव्यानं शिकतोय.

साहेब आतून येऊन मागं उभे राहिले. "भूषण, आज तारीख किती?"

"बावीस, साहेब."

"महिना?"

"डिसेंबर."

"मग?"

"ओढली आहे, साहेब," भूषण म्हणाला. मान वर केली नाही, कारण केली असती तर धीर सुटला असता.

बयाबाईची माळ काही सापडली नाही. सापडलं ते भूषणला, एक तारखेपासून मुद्देमालाच्या खोलीत बदली. जप्त केलेल्या सायकली आणि दारूच्या बाटल्या सांभाळायच्या. तिथं कुणी फिर्यादी येत नाही, आणि पाणीही कुणाला द्यावं लागत नाही.

शनिवारी सकाळी त्यानं क्रांतीला सांगितलं, "कळव त्यांना, येते म्हणून."

"आणि तो हजाराचा आकडा, आबा?"

"त्या आकड्याचं मला सांगू नगंस. जा तू."

क्रांती गेली आणि घरात भलतीच पंचाईत झाली. मधला निरोप्याच गेला. सोनूबाई ताट वाढून समोर सरकवायची आणि भिंतीकडं बघायची. भूषण भिंतीलाच "भाजी चांगली झालीया" म्हणायचा. असे दोन महिने गेले. तो अजूनही कडी बघायला दोनदा माघारी यायचाच.

मार्चात एका संध्याकाळी क्रांतीचा फोन आला. "आबा, घाबरू नका. मी बरी हाय. स्टेशनाच्या बाहेर माझी बॅग गेली."

ज्याला भीत होता तेच झालं होतं. आणि अशा वेळी त्याच्या तोंडून काय बाहेर पडावं? "नीट आठवून सांग. पडली का ओढली?"



"ओढली, आबा. मी पोलिसात गेले. सगळं लिवून घेतलं. तीन पानं. पण तुम्ही आत्ता इचारलं, ते त्यांनी एकदा बी इचारलं न्हाई."

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. सोनूबाई त्याच्याकडं बघत होती, भिंतीकडं नाही.

"काय म्हणत्या पोरगी?"

"बॅग ओढून नेली तिची, आये. तिला लागलं न्हाई."

"लिवून घेतलं?"

"घेतलं."

"ओढली म्हणून?"

"व्हय. ओढली म्हणूनच."

म्हातारी त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "मग माझं बी लिव की आता."

त्या कागदाला ना शिक्का असणार होता, ना नंबर, आणि जगातल्या कुठल्याच यादीत तो जाणार नव्हता. हे दोघांनाही कळत होतं. भूषणनं कोरा कागद घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. सोनूबाई, राहणार मुरगूड. शाहूपुरीतून चालत असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोन इसमांनी त्यांच्या गळ्यातील बोरमाळ जबरदस्तीने ओढून नेली.

सोनूबाईनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"आणि मान?" ती म्हणाली. "मानेचं ऱ्हायलं."

त्यानं मानेचंही लिहिलं.