राज्यशास्त्राची डिग्री, सात लाखांचं कर्ज आणि माझी सही

१. गेल्या मंगळवारी माझ्या धाकट्या बहिणीला, ऋताला, पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.ए. राज्यशास्त्राला प्रवेश मिळाला.
२. तीन वर्षांची फी आणि होस्टेल धरून खर्च नऊ लाख. पप्पांनी बाजूला ठेवलेले दोन आहेत.
३. उरलेल्या सात लाखांच्या एज्युकेशन लोनला बँकेने पक्का पगार असलेला सहकर्जदार मागितला. पप्पांचं तिसगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सॅलरी स्लिप घरात फक्त माझी आहे.
४. येत्या सोमवारी सही करायची आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी इंजिनियर आहे. निर्णय घ्यायचा म्हटलं की आधी एक्सेल उघडायचं, ही सवय. याही वेळी तेच केलं...

एका बाजूला कर्ज. शिकत असतानाही व्याज चढत राहतं, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. हप्ता सुरू होईल तेव्हा तो महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास असेल, दहा वर्षं. तिला नोकरी लागली नाही तर तो माझ्या खात्यातून जाणार. माझा पगार इथे लिहीत नाही, पण त्यात एवढी जागा नाही.

दुसऱ्या बाजूला तिची कमाई. माहितीपत्रकात सरासरी पॅकेजचा आकडा मोठ्या अक्षरात होता, तो आधी टाकला. सगळं हिरवं दिसलं. मग शंका आली, म्हणून प्लेसमेंट ऑफिसला फोन केला. ही सरासरी नक्की कोणाची?

"मॅडम, ती पूर्ण विद्यापीठाची. पॉलिटिकल सायन्सची मुलं प्लेसमेंटला फारशी बसतच नाहीत. कोणी लॉ करतं, कोणी एम.ए., कोणी स्पर्धा परीक्षा..."

पुढे ती किती कमावतात? तसा डेटा ते ठेवत नाहीत.

मी तो आकडा काढून टाकला. सेल रिकामा राहिला आणि खालच्या सगळ्या फॉर्म्युल्यात एरर आली. मग मी तिथे शून्य टाकलं. शीट चालू झालं... सगळं लाल.

गेल्या शनिवारी घरी गेले आणि दुपारी दुकानातच लॅपटॉप उघडला. पप्पा एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. आई त्यांचा डबा घेऊन आली होती. ऋता माझ्या शेजारी स्टुलावर.

आईने हप्त्याचा आकडा ऐकला आणि म्हणाली, "उद्या पाव्हन्यांना काय सांगायचं गं? पोरगी आन् हप्ता संगच येत्यात म्हनून?" माझ्या लग्नाचं बोलणं सुरू आहे, म्हणून हा टोला. ऋता हसली. मला हसू आलं नाही, कारण तो प्रश्न माझाही होता.

मी ऋताला विचारलं, नगरला बी.ए. अगदी थोड्या फीत होतं, मग पुणंच का? तिने शांतपणे सांगितलं, "तिथं सर्व्हे करायला पाठवतात, ताई. बजेट वाचायला शिकवतात. मला झेडपीचं बजेट हातात घेऊन बोलता आलं पायजे." बारावीत असल्यापासून ही मुलगी ग्रामसभेला जाऊन बसते. यात नवीन काही नव्हतं...

मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे शून्य तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही. आकडाच मिळाला नाही."

"मग मिळाला न्हाई असं लिही की. मी काय शिकून नुसती घरात बसनार हाय का?"

पप्पा मान वर न करता म्हणाले, "हिच्या इंजिनेरिंगच्या टायमाला असला कागद कुणी केल्ता? लोक म्हनले इंजिनेर, आमी म्हनलो भरा फी. पहिल्या वर्षी हिचा पगार काय हुता, ते पन टाक म्हनावं त्यात."

मी लॅपटॉप बंद केला.

कंपनीत एखाद्या ट्रेनीने न मोजलेल्या पार्टसमोर शून्य लिहिलं, तर मी रिपोर्ट परत पाठवते. मोजलाच नाही तो पार्ट पासही नसतो आणि रिजेक्टही नसतो. हे मी नव्या मुलांना दर बॅचला सांगते... आणि स्वतःच्या बहिणीसमोर शून्य लिहून मोकळी झाले.

का, तेही आता कळतंय. शून्य टाकलं की उत्तर 'नको' येतं. ते मी दिलेलं नसतं, शीटने दिलेलं असतं.

पण म्हणून भीती गेलेली नाही. माहितीपत्रकातला आकडा खोटी आशा देत होता, माझं शून्य खोटी भीती. खरा आकडा अजूनही नाही, आणि त्याच्याशिवाय दहा वर्षांसाठी सही करायला माझा हात पुढे होत नाही. ऋता रोज संध्याकाळी फोन करते, जेवलीस का विचारते. सहीचा विषय काढत नाही.

म्हणून ही पोस्ट. अलीकडच्या काही वर्षांत तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कोणी राज्यशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. केलं असेल, तर मला सांगा. पहिलं काम कोणतं मिळालं, किती दिवसांनी मिळालं, हातात किती पडत होते, आणि कर्ज असेल तर हप्ता कोण भरतं. अंदाजे आकडा चालेल, नाव नको, मेसेजमध्ये लिहिलंत तरी चालेल. अनुभव वाईट असेल तर तोही हवा. कलेक्टर झालेल्या एखाद्याचा किस्सा मात्र नको.

रविवारी मी तिसगावला जाऊन ऋताला माझं उत्तर सांगणार आहे. कृपया येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.