काकांचं चूलबंद आवतण

साऱ्या पेडणे तालुक्यात पर्ल नावाची संगणकाची भाषा जेवणाच्या आवतणावरून शिकवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पदरी पडला! काका डिचोलीला खाणीच्या कचेरीत संगणक सांभाळत. खाण बंद पडल्यावर घरच्या सोप्यावर त्यांनी शिकवणी उघडली. या भाषेत यादीची मोठी गंमत. एका जागी विचारली तर ती सगळी नावं सांगते, दुसऱ्या जागी नुसता आकडा. त्याचे नियम पुस्तकात पानंच्या पानं. काकांनी पुस्तक मिटलं. "आपल्याक दोनच नियम पुरो. घरटी एक आवतण म्हटल्यार यादी फकत घरां मोजता. चूलबंद म्हटल्यार चूल विझवून सगळो गोतावळो जेवूक हजर!" कॉलेजात तीन मास्तरांनी माझ्यापुढे हात टेकले होते, मला हे अर्ध्या तासात कळलं.

पण वेड सोप्यावर थांबेल तर ते काका कसले! मावशीने "जेवतलात मां?" विचारलं की हे म्हणणार, "घरटी एक, काय चूलबंद?" बाजारात बांगड्यांचा आकडा सांगणाऱ्या मासेवालीला म्हणाले, "मी पिशवी फुडें केली, म्हणजे बांगडे दी. आकडो कित्याक सांगता?" ती कडाडली, "घेवपाचे असल्यार घे, ना जाल्यार वाट सोड!" एका वाक्यात दोन्ही वाटा सांगितल्या म्हणून काका आठवडाभर तिचं कौतुक सांगत होते.

मुलीच्या लग्नाला त्यांनी अख्ख्या वाड्याला चूलबंद आवतण दिलं आणि जेवणाची पानं किती ते स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला विचारलं. प्रोग्रामने साठ सांगितली. मावशी म्हणाली, "तांदूळ उणे पडतले." काका म्हणाले, "प्रोग्राम चुकना!" सावंतवाडीचा आचारी, त्याला गावची काय माहिती? त्याने साठांचं रांधलं. पहिली पंगत उठली आणि भाताचं भांडं खणखणलं. मांडवात अजून दीडशे माणसं उभी होती. काकांनी साठ घरं मोजली होती, माणसं नव्हे. शिकवणीत शंभरदा सांगितलेली चूक मास्तरांनी स्वतः केली होती. "माझ्या चेडवाच्या लग्नात लोक उपाशी रे!" म्हणत ते खांबाला टेकून बसले.

शेजारची म्हातारी कमरेला पदर खोचत उठली. "उगी रे! चुली आमच्योच, पेटवूक कितलो वेळ?" तासाभरात घराघरांतून भाताची तपेली, सोलकढीच्या कळशा मांडवात आल्या. काका स्वतः वाढत होते, आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा मिळत नव्हता.

आता काका नाहीत. तो प्रोग्राम माझ्याकडे आहे. चुकीची ओळ त्यांनी दुरुस्त केली नाही, वर फक्त टीप लिहून ठेवली: "हंय, ह्या ओळीत, घरां मोजली. त्या दिसा सगळी घरां जेवण घेवन आयली." त्या ओळीला हात लावायचा मला अजून धीर होत नाही.