झिंज्या आणि झाकलेले आरसे

आमच्या वन्संच्या हातात कात्री आली की समोरचं सगळं त्यांना वाढलेलंच दिसतं. माझ्या पडद्यांच्या झालरी, कुंडीतला पुदिना, झोपलेल्या आमच्या ह्यांच्या मिशा, बोलता बोलता सगळं सरळ करून मोकळ्या होतात. हात शिवशिवतात त्याला त्या तरी काय करणार! उभा जन्म लोकांचे केस कापण्यात गेला.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वर घर, खाली दुकान. दुकानात तीन खुर्च्या, भिंतभर आरसे आणि बाकासमोर खाऱ्या पाण्याची माशांची टाकी. टाकीत दोन नारिंगी मासे आणि खडकावर एक हिरवं-जांभळं पोवळं. नखाएवढ्या तुकड्यापासून वन्संनी ते तळहाताएवढं केलं होतं. गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून ठेवला की त्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि रंग धुवायची आठवण गिऱ्हाइकालाच करावी लागायची.

आता ह्यात कौतुक एवढ्यासाठी, की वन्संनी हाती घेतलेलं एकही काम आजवर तडीला गेलेलं नव्हतं. एका बाहीचा स्वेटर, माळ्यावरची गिटार, कमरेएवढ्या पाण्यात थांबलेलं पोहणं. टाकी आणली त्या दिवशी हे म्हणाले होते, "ताई, माशांना आधीच सांगून ठेव, सोय तात्पुरती आहे म्हणून." टाकी टिकली आणि ह्यांचं तोंड बंद झालं.

मग टाकीत घातलेल्या नव्या दगडावरून झिंज्या आल्या. हे नाव वन्संनीच ठेवलेलं. तपकिरी, काचेसारखा जीव, वर विस्कटलेले केस. पाण्यात डुलतो आणि शेजारच्या पोवळ्याला डंख मारत सुटतो. एके संध्याकाळी दुकान बंद करताना वन्संनी कोपरापर्यंत हात घातला आणि कात्रीनं त्याला जरा शेपमध्ये आणलं.

पंधरवड्यात खडकभर झिंज्या! टाकीचे मासे विकणारा मासेवाला ते ऐकून स्टुलावरच बसला. हसू आवरल्यावर म्हणाला, "बाई, कापलंत कुठे? पेरलंत! त्याच्या बारक्या तुकड्यातूनही नवा उभा राहतो."

"मग उपाय?"

"खडक काढून वाळवा, सगळं पहिल्यापासून सुरू करा. नाहीतर हातात धरायचा लेसर, त्यानं एकेक जाळायची. पण..." ह्या 'पण'नंतर तो इतकं बोलला की मासे विकायचे विसरला.

इकडे हे निकाल देऊन मोकळे. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. रविवारी येऊन टाकी घेऊन जाईल. सोड आता, ताई." त्या 'सोड'वर वन्संनी कात्री म्यानात घातली. त्यांची कात्री आपणहून म्यानात गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मला वर्दी आली, लेसर आणलाय, ये. जाऊन बघते तर प्रत्येक आरशाला केस कापताना पांघरायचा काळा कपडा बांधलेला. नळांना टॉवेल, चकचकीत ड्रायरला उशीचा अभ्रा, मांजर वरच्या मजल्यावर कोंडलेलं. जणू सगळं दुकानच केस कापायला बसलं होतं!

"उजेड डोळ्यात क्षणभर गेला तरी दृष्टी जाते," वन्सं म्हणाल्या. "आरशातून उलटा आला तरी तेच. टाकीच्या काचेवरूनसुद्धा थोडा परत फिरतो, तेव्हा समोर कुणी नाही यायचं. हा घाल चष्मा. ह्याच लेसरच्या रंगाला अडवणारा आहे."

तेवढ्यात हे ऐटीत आत आले, डोळ्यांवर काळा गॉगल. "चला, मीही तयार!"

"तो उन्हाचा रे धाकट्या, ह्याला चालत नाही. आणि खास चष्मे दोनच आहेत. बाहेर!"

ह्यांना दारावर पहारेकरी केलं आणि आतून कडी घातली. चष्म्यातून सगळं जग संत्र्याच्या रसात बुडालेलं. वन्संनी मनगट खुर्चीच्या पाठीवर टेकवलं, टाकीमागे लावलेल्या काळ्या पडद्याच्या दिशेनं झिंजीवर नेम धरला, श्वास रोखला. क्षणभर बटण, की सोडलं. झिंजी आक्रसली, दोन बुडबुडे आले आणि खेळ खलास! आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या खिदळलो. नारिंगी मासा चौकशीला आला की वन्सं बटणावरचं बोट लगेच उचलायच्या. "सरक बाबा, तुझा नंबर नाही आज."

बाहेर संवाद चालू होता.

"आत काय चाललंय हो?" नेहमीच्या गिऱ्हाईक बाई.

"झिंज्या काढतायत."

"सुट्टीच्या दिवशी? मला तर नाही म्हणाल्या! कोण एवढी लाडकी?"

मी तोंडात पदर कोंबला. सगळ्या एकदम मारल्या तर पाणी नासतं म्हणून थोड्याच मारायच्या, मेलेलं नळीनं ओढून घ्यायचं, बाकीच्या पुढच्या सुट्टीला, असं ठरलं होतं. पण पोवळ्याला खेटून बसलेली, सगळ्यांत दांडगी झिंजी आजच जायला हवी होती. पोवळ्याची ती कड पांढरी पडत चालली होती. आणि झिंजी नेमकी खडकाच्या मागच्या अंगाला.

वन्संनी मान वाकडी केली, गुडघ्यावर बसल्या, उठल्या. मग एका हातात लेसर तसाच ठेवून दुसरा हात सवयीनं खणाकडे गेला आणि त्यातून निघाला हातआरसा! गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवतात तो.

"वन्सं, आरसा!" मी किंचाळले.

त्यांनी आधी लेसरची बॅटरी काढली. मग आरसा पालथा माझ्या हाती दिला. "अगं, सगळ्या भिंती झाकल्या आणि हा हात झाकायचा राहिला की!"  मग काय हसू फुटलं म्हणता! बाहेरून हे दार वाजवायला लागले.

शेवटी वन्संचं डोकं चाललं. गिऱ्हाइकाची एक बाजू दिसत नसेल तर काय करतात? खुर्ची फिरवतात. वन्संनी बाह्या सरसावल्या आणि पोवळ्यासकट तो दगडच हलक्या हातानं फिरवला, एखाद्याची हनुवटी धरून मान वळवावी तसा. झिंजी समोर आली. बॅटरी परत आत. नेम, श्वास, बटण. दोन बुडबुडे.

रविवारी ओळखीचा माणूस मोठा टब घेऊन आला. पोवळ्याच्या पांढऱ्या कडेवर बारीक जांभळी बोटं उघडली होती. वन्संनी त्याला प्रेमानं खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती काळा कपडा बांधला आणि विचारलं, "मागून किती कमी करू?" केस झकास कापून घेऊन तो रिकामा टब डोक्यावर धरून निघून गेला.

हे टाकीसमोर उभे होते. उरलेल्या झिंज्या मोजल्या. मग म्हणाले, "ताई, पुढच्या सुट्टीला आरसे झाकायला मी येतो."

"ये. पण आधी मिशा दाखव," वन्सं म्हणाल्या आणि कात्री उचलली.